दोन आकडी डिजिटल काउंटरचं किट: पहिल्यांदाच सोल्डरिंग करणाऱ्यांसाठी, टप्प्याटप्प्याने

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या आठवीतल्या भाचीने एक काउंटरचं किट एका दुपारीत सोल्डर करून संपवलं, एकशेएकवीस जॉइंट, दिसायला एकदम नीट, आणि संध्याकाळी बॅटरी लावली तर सगळं काळं. "मामा, काहीच होत नाहीये." मग आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो. एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, उलटा होता, तो सुलटा केल्यावर एकक उजळला पण दशक नाही, कारण दुसऱ्या डिस्प्लेची कॉमन पिन नीट धरलीच नव्हती, आणि ते झाल्यावर कळलं की एककाचा एक सेगमेंट, म्हणजे आकड्याचा एक दांडा, पेटत नाहीये. तीन चुका, तिन्ही साध्या, पण तिन्ही एकमेकींच्या मागे लपलेल्या, आणि शोधायला गेली पूर्ण संध्याकाळ.

त्यातून मी जे शिकलो तेच इथे सांगतोय. किट एका दमात पूर्ण करून शेवटी बटण दाबायचं नाही. थोडं सोल्डर करायचं, तेवढंच तपासायचं, मग पुढे. असं केलं की चूक सापडते ती शेवटच्या दहा-पंधरा जॉइंटमधलीच असते, सव्वाशेमधली नसते. खोलीत रात्री साडेदहाला "आता कुठे बघू?" असा प्रश्न पडला की मुलं ते किट ड्रॉवरमध्ये टाकतात आणि परत इस्त्रीला, म्हणजे सोल्डरिंग आयर्नला, हात लावत नाहीत, आणि मला ते फार वाईट वाटतं कारण चूक बहुतेक वेळा दोन सेकंदात सुधारण्यासारखी असते.

हे किट करतं काय

बटण दाबलं की आकडा एकाने वाढतो, ०० पासून ९९ पर्यंत, दुसरं बटण दाबलं की परत ००. बास. आत तीन आयसी, म्हणजे चिपा, आहेत. सीडी ४०२६ दोन, एक एककासाठी एक दशकासाठी, आणि एक ५५५, तो टायमर. ४०२६ ची गंमत अशी की तो मोजतोही आणि सात-सेगमेंट डिस्प्लेचा कुठला दांडा पेटवायचा हेही स्वतःच ठरवतो, त्यामुळे नवख्या माणसाला वेगळा डीकोडर लागत नाही, प्रोग्रॅमिंगही लागत नाही. ही ४००० ची सीएमओएस (कमी वीज खाणाऱ्या चिपांची) मालिका आरसीए कंपनीने १९६८ मध्ये आणली, आणि ५५५ हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये डिझाइन केला, सिग्नेटिक्सने १९७२ मध्ये बाजारात आणला, आणि पन्नास वर्षांनंतरही हे दोन्ही मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कुठल्याही काउंटरवर नाव घेतलं की मिळतात. शिकायला घेतलेला आयसी जळला तर दुसरा लगेच मिळायला हवा, म्हणून मी नवीन मुलांना हेच किट सुचवतो.

किटच्या पिशवीत साधारण हे असतं. पीसीबी म्हणजे तांब्याच्या रेघा असलेला बोर्ड, दोन ४०२६, एक ५५५, ते ज्यात खोचायचे ते बेस, १६ पिनांचे दोन आणि ८ पिनांचा एक, दोन कॉमन कॅथोड डिस्प्ले (म्हणजे सगळ्या दांड्यांचं मायनस टोक एकच असलेले, आपल्याकडे दुकानात एलटी ५४३ म्हणून मागायचे, एलटी ५४२ कॉमन अ‍ॅनोड असतो, तो इथे चालत नाही), १ के चे (के म्हणजे हजार ओहम) १४ रेझिस्टर, १० के चे २, १०० के चा १, वन एन ४००७ डायोड, १०० मायक्रोफॅरड आणि १ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, १०४ लिहिलेले तीन आणि १०३ लिहिलेला एक सिरॅमिक कपॅसिटर, दोन छोटी पुश बटणं, एक स्लाइड स्विच आणि ९ व्होल्ट बॅटरीची क्लिप. तुमच्या किटमध्ये थोडं इकडेतिकडे असेल, पण सांगाडा हाच. आयसीचे बेस किटमध्ये नसतील तर विकत आणा, ही काटकसरीची जागा नाही. खाली जी तपासणी सांगणार आहे ती सगळी रिकाम्या बेसवरच होते.

हत्यारं

२५ वॅटची साधी इस्त्री पुरते, सोल्ड्रॉनची वगैरे, टोक बारीक निमुळतं असलं की झालं. तीन पिनांची, अर्थिंगवाली असेल तर उत्तम. स्टँड हवाच, टेबलाच्या कडेला टेकवून ठेवलेली इस्त्री कधी ना कधी मांडीवर पडतेच. सोल्डर वायर ६०/४० ची, २२ गेज, म्हणजे साधारण ०.७ मिमी जाडीची, आत राळेचा फ्लक्स भरलेली. ६०/४० म्हणजे ६० भाग कथील आणि ४० भाग शिसं, ती १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळते. शिसं नसलेली वायर साधारण २२७ अंशांना वितळते, तिला जास्त उष्णता लागते आणि जॉइंटही चमकदार दिसत नाही, त्यामुळे नवीन माणसाला चांगलं-वाईट ओळखणं अवघड जातं. शिकताना ६०/४० घ्या, पण शिशाची वायर हाताळताय हे विसरू नका. काम चालू असताना खायचं नाही, वायर दातात धरायची नाही (ही सवय मी भल्याभल्या कारागिरांत बघितलीय), आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. जो धूर निघतो तो राळेचा असतो, शिशाचा नाही, पण तोही छातीला चांगला नाही, खिडकी उघडी ठेवा आणि टेबलफॅन असा ठेवा की धूर तुमच्या तोंडापासून लांब जाईल.

याशिवाय डिजिटल मल्टिमीटर, कटर, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा डीसोल्डर पंप, ओला केलेला स्पंज आणि भिंग. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, किट नंतर घ्या. पावसाळ्यात पीसीबीचं तांबं काळपट पडतं, अशा वेळी शाळेतला साधा खोडरबर पॅडवरून, म्हणजे भोकाभोवतीच्या तांब्यावरून, हलक्या हाताने फिरवायचा, लगेच चकचकीत होतं.

आधी जॉइंट कसा करायचा ते

हे नीट वाचा, बाकी सगळं यावर आहे.

लहानपणी गल्लीत कल्हईवाला यायचा ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे एका वाक्यात कळेल. तो पितळेचं पातेलं आधी भट्टीवर लालसर होईपर्यंत तापवायचा, त्यावर नवसागर टाकायचा, धूर उठायचा, आणि मग कथलाची कांडी त्या तापलेल्या भांड्याला लावायचा, कांडी भांड्याच्या उष्णतेने वितळायची आणि कापडाने पुसली की पातेलं आतून चांदीसारखं. त्याने कधी कथील वेगळं वितळवून थंड पातेल्यावर ओतलं नाही, कारण ते चिकटलंच नसतं. सोल्डरिंग तंतोतंत तेच आहे. पातेलं म्हणजे पीसीबीचा पॅड आणि पार्टचा पाय, नवसागर म्हणजे वायरमधली राळ, कथील तर कथीलच.

म्हणजे हातात इस्त्री घेतल्यावर करायचं असं. टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर किंचित वायर लावून ते ओलसर चमकदार करा. आता टोक अशा कोनात टेकवा की ते पॅडला आणि पायाला एकाच वेळी स्पर्श करेल. मनात एक-दोन म्हणा. मग वायर इस्त्रीला न लावता समोरच्या बाजूने, पाय आणि पॅड जिथे मिळतात तिथे लावा. जागा तापली असेल तर वायर आपोआप वितळून पायाभोवती पळत जाते, तो क्षण एकदा डोळ्यांनी बघितला की विसरता येत नाही. दोन-तीन मिलिमीटर वायर गेली की आधी वायर काढा, नंतर इस्त्री. पुढचे दोन सेकंद पार्टला हात लावायचा नाही, फुंकर पण मारायची नाही. सगळं मिळून तीन-चार सेकंद.

चांगला जॉइंट उकडीच्या मोदकाच्या शेंड्यासारखा दिसतो, खाली पॅडवर पसरलेला, कडेने आत वळत वर निमुळता होत गेलेला आणि मधून पाय बाहेर आलेला. वाईट जॉइंट बुंदीसारखा दिसतो, गोल गुबगुबीत, पॅडवर नुसता बसलेला. दुरुस्तीच्या दुकानात याला ड्राय सोल्डर म्हणतात. बुंदी दिसली की वरून आणखी वायर चढवायची नाही, इस्त्री टेकवून दोन-तीन सेकंद परत तापवायचं, अगदी थोडी ताजी वायर द्यायची म्हणजे नवीन राळ मिळते, आणि बुंदीचा मोदक होतो. किटला हात लावण्याआधी एखाद्या जुन्या बोर्डावर किंवा स्वस्तातल्या डॉट बोर्डवर (नुसती भोकं आणि पॅड असलेल्या कोऱ्या बोर्डवर) तीस-चाळीस जॉइंट फक्त सरावाचे करा. मी भाचीला आता असंच करायला लावतो, आणि तिचा पंचविसावा जॉइंट माझ्याएवढा चांगला होता.

टप्पा पहिला: रेझिस्टर आणि डायोड

नियम एवढाच की बुटके पार्ट आधी, उंच पार्ट नंतर, म्हणजे बोर्ड उलटा टेबलावर ठेवला की पार्ट दाबून राहतो.

रेझिस्टरचे रंग वाचायला शिका पण विश्वास मीटरवर ठेवा. १ के म्हणजे तपकिरी-काळा-लाल, १० के म्हणजे तपकिरी-काळा-नारिंगी, १०० के म्हणजे तपकिरी-काळा-पिवळा, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात हो. त्यामुळे प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजायचा, सतराचे सतरा, यात पाच मिनिटं जातात. रेझिस्टरला उलट-सुलट नसतं. डायोडला असतं, त्याच्या अंगावरचा चंदेरी पट्टा पीसीबीवर छापलेल्या पट्ट्याच्या बाजूलाच यायला हवा. हा डायोड कुणी बॅटरी उलटी लावली तर बाकी सगळं वाचवतो, पण तोच उलटा लागला तर आमच्यासारखी संध्याकाळ जाते.

पाय कापताना कटरचं तोंड जमिनीकडे आणि दुसऱ्या हाताचं बोट पायावर, नाहीतर तुकडा उडून डोळ्यात जातो. चष्मा नसेल तर साधा गॉगल घाला. आणि कापलेले सगळे पाय फेकू नका, दोन-तीन ठेवा, पुढे लागतील.

टप्पा दुसरा: बेस, कपॅसिटर, स्विच, आणि पहिली तपासणी

बेसच्या एका टोकाला अर्धचंद्राची खाच असते, ती छापील खाचेशी जुळवा. आधी फक्त समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या पिना सोल्डर करा, बोर्ड उचलून आडवा धरून बघा की बेस सपाट बसलाय का, तिरका असेल तर एक कोपरा तापवून दाबा, आणि मगच बाकीच्या चौदा. सगळ्या पिना झाल्यावर तिरकेपण काढायला गेलात तर पॅड उखडतो.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा लांब पाय प्लस, अंगावरचा पट्टा मायनस बाजूला. छोटे चपटे १०४ आणि १०३ कसेही चालतात, फक्त आपसात अदलाबदल नको, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड आणि १०३ म्हणजे ०.०१, आणि १०३ वाला ५५५ च्या पाचव्या पिनेपाशी जातो. पुश बटणं चौकोनी दिसत असली तरी पायांचं अंतर एका बाजूला कमी असतं, भोकात सहज बसत नसेल तर जोर लावू नका, नव्वद अंशात फिरवा. शेवटी स्लाइड स्विच आणि बॅटरीची क्लिप, लाल वायर प्लसला.

आता थांबा. आयसी अजून पिशवीतच.

पिना मोजायच्या त्या खाच वर धरून, डावीकडच्या वरच्या पिनेपासून खाली आणि मग उजवीकडून वर. मीटर बीपवर (कंटिन्युइटीवर) ठेवा आणि ४०२६ च्या बेसमध्ये पिन १६ आणि पिन ८ यांना प्रोब लावा. क्षणभर बीप होऊन थांबला तर हरकत नाही, तो कपॅसिटर भरतोय. सलग वाजत राहिला तर प्लस-मायनस शॉर्ट आहे, भिंग घेऊन शेजारच्या पॅडांमध्ये सोल्डरचा पूल शोधा. बीप नसेल तर बॅटरी लावा, स्विच ऑन, मीटर २० व्होल्ट डीसीवर, आणि तिन्ही बेसवर मोजा. ४०२६ च्या दोन्ही बेसवर १६ आणि ८ मध्ये, ५५५ च्या बेसवर ८ आणि १ मध्ये. बॅटरीपेक्षा थोडं कमी दिसेल, कारण काही दशांश व्होल्ट डायोड स्वतःसाठी ठेवतो. तिन्हीकडे सारखं दिसलं की पहिला किल्ला सर. एका बेसवरच शून्य असेल तर त्या बेसच्या दोन पिना तेवढ्या बघायच्या, बास.

टप्पा तिसरा: डिस्प्ले

लावण्याआधी डिस्प्ले ओळखून घ्या. मीटर डायोड मोडवर, काळा प्रोब वरच्या किंवा खालच्या रांगेतल्या मधल्या पिनेवर, लाल प्रोब बाकीच्या पिनांवर फिरवा, एकेक दांडा मिणमिणता पेटत गेला की कॉमन कॅथोड. लाल-काळा उलटा केल्यावर पेटत असेल तर कॉमन अ‍ॅनोड आहे, दुकानात जाऊन बदलून आणा. बसवताना दशांश चिन्हाचा ठिपका खाली उजवीकडे.

सोल्डर करताना दहा पिनांवर घाई नको, प्रत्येक पिनेनंतर पाच सेकंद थांबा, प्लास्टिक मऊ पडतं.

आणि आता माझी सगळ्यात आवडती तपासणी. आयसी अजूनही नाहीत. बॅटरी ऑन करा, मघाशी ठेवलेल्या कापलेल्या पायासारखी बारीक वायर घ्या, तिचं एक टोक एककाच्या बेसमध्ये १६ नंबरच्या भोकात घाला आणि दुसरं टोक १० नंबरच्या भोकाला टेकवा. डिस्प्लेचा सगळ्यात वरचा आडवा दांडा, ए सेगमेंट, पेटायला हवा. मग १२ ला टेकवा, उजवीकडचा वरचा, बी. १३ ला सी, उजवीकडचा खालचा. ९ ला डी, तळाचा. ११ ला ई, डावीकडचा खालचा. ६ ला एफ, डावीकडचा वरचा. ७ ला जी, मधला. आठ नंबरच्या भोकाला चुकूनही नको, तो मायनस आहे. वायर उघडी आहे म्हणून तिच्यावर शक्यतो बारीक प्लास्टिकची नळी चढवा किंवा सरळ ब्रेडबोर्डची जंपर वायर वापरा.

यात काय साधलं बघा. एका टेकवण्यात बेसची पिन, पीसीबीचा माग म्हणजे तांब्याची रेघ, १ के चा रेझिस्टर, डिस्प्लेची पिन आणि कॉमन पिन असे पाच-सहा जॉइंट एकदम पास झाले. एखादा दांडा नाही पेटला तर चूक त्याच रांगेत आहे, तेवढेच जॉइंट परत तापवा. सातपैकी एकही नाही पेटला तर कॉमन पिन. एक टेकवल्यावर दोन पेटले तर पूल झालाय. दोन्ही डिस्प्लेंना हे करा, चौदा टेकवण्या. भाचीने दुसऱ्या किटला हे केलं तेव्हा नवव्या टेकवणीला दांडा पेटला नाही, तिने स्वतः बोर्ड उलटा केला, बुंदी शोधली, तापवली, आणि मला न विचारता पुढे गेली. मी शेजारी बसून फक्त बघत होतो.

टप्पा चौथा: पहिला ४०२६

सीएमओएस आयसीला अंगावरच्या स्थिर विजेची भीती असते, विशेषतः थंडीत आणि अंगात सिंथेटिक कपडे असतील तर. आयसी उचलण्याआधी नळाला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा. नवीन आयसीचे पाय जरा फाकलेले असतात, टेबलावर आडवा धरून एकेक बाजू हलकेच आत वळवा, खाच जुळवा, आणि सोळाही पाय भोकांत आलेत हे बघूनच अंगठ्याने दाबा. एखादा पाय आत दुमडला जातो आणि वरून अजिबात दिसत नाही, म्हणून कडेने बघा. हे सगळं बॅटरी बंद असताना.

अजून ५५५ घालायचा नाही, पण त्याच्या रिकाम्या बेसमध्ये ३ आणि १ या भोकांत १० के चा एक सुटा रेझिस्टर अडकवा. कारण ४०२६ ची क्लॉक पिन, म्हणजे जिच्यावर तो मोजतो ती पिन १, ही ५५५ च्या तिसऱ्या पिनेला जोडलेली असते, ती मोकळी सोडली तर नुसता हात जवळ नेला तरी आकडे पळत सुटतात. रेझिस्टरमुळे ती शांत राहते. स्विच ऑन करा, कुठलातरी आकडा येईल, रिसेट दाबा, ० यायला हवा. नाही आला तर ४०२६ ची पिन १५ आणि रिसेट बटणाचे जॉइंट बघा. आकडाच आला नाही, सगळं काळं, तर पिन ३ बघा, तिला प्लस मिळाल्याशिवाय डिस्प्ले उजळत नाही. आणि पिन २ मायनसला हवी, नाहीतर मोजणी अडते.

आता एक वायर ५५५ च्या बेसच्या ८ नंबरात घाला आणि दुसरं टोक रेझिस्टरच्या ३ नंबरकडच्या पायाला एकदाच टेकवून उचला. आकडा ० वरून १ व्हायला हवा ना? बहुतेक वेळा तो ३ होतो, कधी ५, कधी २. तुम्ही एकदाच टेकवलं, पण धातू धातूला टेकताना काही मिलिसेकंदांत अनेकदा उडतो, आपल्या बोटाला ते कळत नाही आणि आयसीला प्रत्येक उडी कळते. याला बाउन्स म्हणतात. ५५५ या किटमध्ये का आहे ते इथे डोळ्यांना दिसतं, म्हणून ही पायरी वगळू नका.

टप्पा पाचवा: ५५५

बॅटरी बंद, रेझिस्टर आणि वायर काढा, ५५५ बसवा, खाच बघून. बटणाच्या पहिल्या स्पर्शाला तो एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, सुरू करतो आणि ठरलेल्या वेळापर्यंत मधल्या उड्यांकडे लक्षच देत नाही. ती वेळ १.१ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, इथे १०० के आणि १ मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण ०.११ सेकंद. एक दाब, एक आकडा. नऊ वेळा दाबा, सगळे आकडे नीट येतात का बघा. ८ च्या जागी ० दिसला तर मधला दांडा गेलाय, ८ च्या जागी ६ दिसला तर बी, ८ च्या जागी ९ तर ई. आकडा हलतच नसेल तर ५५५ ची तिसरी पिन ते ४०२६ ची पहिली पिन हा माग बीपवर तपासा, मग पिन ४ ला प्लस मिळतोय का ते.

इथे एक त्रास मला बऱ्याच बोर्डांवर दिसलाय. बटण पटकन दाबून सोडलं तर एक मोजतो, पण दाबून धरलं आणि सोडलं की सोडताना अजून एक वाढतो. याचं कारण असं की ०.११ सेकंद उलटून गेलेली असते आणि बटण सुटतानाही बाउन्स होतो, त्याला ५५५ नवीन दाब समजतो. उपाय सोपा आहे, १ मायक्रोफॅरडचा आणखी एक कपॅसिटर बोर्डाच्या मागच्या बाजूने मोजणीच्या बटणाच्या दोन टोकांवर सोल्डर करा, प्लस ५५५ च्या पिन २ च्या बाजूला, मायनस मायनसला. तो सुटतानाच्या उड्या गिळतो. वयस्कर माणसं बटण सावकाश दाबून धरतात, त्यांच्यासाठी काउंटर करत असाल तर हा कपॅसिटर लावाच.

टप्पा सहावा: दशक

दुसरा ४०२६ बसवा, ऑन करा, रिसेट, ००. दहा वेळा दाबा. नवव्यानंतर एककाचा ० होताना दशकाचा १ व्हायला हवा. पहिल्या आयसीची पिन ५, कॅरी आउट, ही ० ते ४ आकड्यांना चढलेली (म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं) आणि ५ ते ९ ला उतरलेली असते, आणि ९ वरून ० होताना परत चढते, त्या चढण्यावर दुसरा आयसी एक मोजतो. पाचला ती उतरते तेव्हा काही होत नाही, कारण ४०२६ फक्त चढत्या कडेवर मोजतो. दशक हलत नसेल तर पहिल्याची पिन ५ आणि दुसऱ्याची पिन १, एवढे दोनच जॉइंट संशयित, आणि मीटरवर आकडा ४ वरून ५ होताना पिन ५ चं व्होल्टेज पडतं का ते बघितलं की कुठल्या बाजूला चूक आहे तेही कळतं.

बॅटरीबद्दल एक. ८८ दिसतात तेव्हा चौदा दांडे मिळून सत्तर-ऐंशी मिलिअँपिअर सहज ओढतात आणि ९ व्होल्टची छोटी बॅटरी काही तासांत मंदावते. रोज वापरायचा असेल तर ९ व्होल्ट डीसी अ‍ॅडाप्टर लावा, आधी मीटरने प्लस-मायनस बघून. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालवायचा मोह होतो, ४०२६ तीन व्होल्टपासून चालतो हे खरं, पण डायोड वजा जाता ५५५ ला लागणारे साडेचार व्होल्टही मिळत नाहीत आणि डिस्प्ले फिका पडतो.

तिसरा आकडा

भाचीचं दुसरं किट चाललं तेव्हा माझ्या आईने ते हातात घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "माळ होईल का यावर?" माळ १०८ ची, आणि हा ९९ नंतर ०० होतो. मग तिसरा आकडा जोडला. पीसीबीवर जागा नव्हती म्हणून डॉट बोर्डवर एक १६ पिनांचा बेस, सात १ के चे रेझिस्टर, एक १०४ आणि एक डिस्प्ले असा छोटा तुकडा केला, आणि मूळ बोर्डाकडून फक्त चार वायरी आणल्या. प्लस, मायनस, रिसेट म्हणजे पिन १५, आणि दशकाच्या आयसीची पिन ५ नव्या आयसीच्या पिन १ ला. नव्या आयसीची पिन २ मायनसला आणि पिन ३ प्लसला तिथल्या तिथे जोडायची, मोकळी सोडायची नाही. दांड्यांच्या पिना आधी सांगितल्या त्याच. डॉट बोर्डवर माग छापलेले नसतात, म्हणून प्रत्येक वायर जोडली की बीप, आणि आयसी घालण्याआधी सातही टेकवण्या, इथे तर त्या जास्तच गरजेच्या.

आईचा काउंटर देव्हाऱ्याशेजारी आहे. मोजणीचं छोटं बटण तिच्या बोटाला नीट लागत नव्हतं म्हणून दाराच्या बेलचं मोठं बटण लांब वायरीने बाहेर काढलं, आणि वायर लांब झाल्यावर पंखा चालू-बंद केला की कधीकधी आकडा आपोआप वाढायला लागला. तुम्हीही बटण लांब नेणार असाल तर दोन वायरी एकमेकींना पिळून घ्या आणि मघाचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बटणापाशी न लावता बोर्डापाशी, ५५५ च्या पिन २ आणि पिन १ च्या जवळ लावा. आमच्याकडे तो तिथे लावल्यापासून माळ बरोबर १०८ ला भरते.